अकोला, नागपूर व आनंदपूर : तीन लेखांची चिकित्सा

विदर्भाच्या स्वायत्ततेचा प्रश्न निघाला कीं आमच्या पुणें प्रांताकडील लेखक २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराचीं अकरा कलमें पुढें करितात, आणि एवढें लिहून दिल्यावर द्यावयाचें आणखी काय उरलें, असें विचारतात. हा प्रश्न करार नीट न वाचल्यामुळें उद्भवतो, असें आमचें मत आहे. त्यापूर्वीं सहा वर्षें, ८ ऑगस्ट १९४७ रोजीं, अकोला येथें एक करार झाला होता. तो शेजारीं ठेवून वाचल्यावांचून नागपूरच्या करारांत काय नाहीं, हें ध्यानांत येत नाहीं.

अकोल्याच्या करारावर शंकरराव देव, ब्रिजलाल बियाणी, पंजाबराव देशमुख प्रभृतींच्या सह्या आहेत. त्याची योजना अशी कीं, मराठी प्रांत एक व गव्हर्नर एक. परंतु पश्चिम महाराष्ट्र आणि महाविदर्भ हे दोन उपप्रांत असून प्रत्येकाचें विधिमंडळ व मंत्रिमंडळ निराळें असावें. हें न साधल्यास महाविदर्भाच्या स्वतंत्र प्रांतासाठीं यत्न व्हावा, हेंही त्यांत आहे.

नागपूरच्या करारांत उपप्रांत राहिला नाहीं. तेथें लोकसंख्येच्या प्रमाणांत खर्च, त्याच प्रमाणांत नोकऱ्या व तांत्रिक शिक्षणांतील जागा, मराठवाड्याच्या मागासलेपणाकडे विशेष लक्ष, नागपुरास हायकोर्टाचें खंडपीठ व वर्षांतून निदान एक अधिवेशन, अशीं कलमें आहेत. यशवंतराव चव्हाण व भाऊसाहेब हिरे यांच्याप्रमाणेंच रामराव देशमुख व गोपाळराव खेडकर या वैदर्भीयांच्याही त्यावर सह्या आहेत, तेव्हां फसवणुकीचा आरोप आम्ही करीत नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, अकोल्यास अधिकार द्यावयाचा ठरला होता, नागपुरास वांटा.

मराठेशाहीच्या दप्तरांशीं परिचय असलेल्यांस वतन व सरंजाम यांतील भेद सांगणें नको. वतनदार आपल्या हक्कावर उभा असे. सरंजाम धन्याच्या मर्जीनें चाले. अकोल्याची भाषा वतनाची आहे, नागपूरची सरंजामाची. दृष्टान्त एकदेशीच असतो, हें आम्ही जाणतों. तथापि या एका अंगीं तो चपखल बसतो.

परिणाम पाहा. खंडपीठ आहे. अधिवेशन २०२० व २०२१ सालीं महामारीमुळें मुंबईस झालें, एरवीं बहुतेक दरवर्षीं नागपुरास भरतें. हीं वचनें डोळ्यांस दिसणारीं. मोडलीं तर त्याच दिवशीं बोभाटा होतो. खर्चाच्या प्रमाणाचें तसें नाहीं. तें कोणी मोजावें व कमी पडल्यास कोणापाशीं मागावें, याची वाट करारांत नाहीं. करारानंतर तीस वर्षांनीं, १९८३ सालीं, प्रा. वि. म. दांडेकर यांची समिती नेमिली गेली. तिनें राज्याच्या सरासरीशीं जिल्हावार तुलना करून सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा अनुशेष काढला. त्यांत विदर्भाचा सुमारे १,२४६ कोटी, मराठवाड्याचा ७५० कोटी, आणि उर्वरित महाराष्ट्राचा १,१८९ कोटी. हा शेवटचा आंकडा दोन्ही पक्ष सोयीनें गाळतात! पश्चिमेकडील सर्वच जिल्हे तृप्त होते, असें नाहीं.

आम्ही हें चिंचवडास बसून लिहितों, म्हणून येथील गोष्ट टाळतां येत नाहीं. पिंपरीचा पेनिसिलिनचा कारखाना १९५४ सालीं केंद्र सरकारनें काढला, तेव्हां महाराष्ट्र राज्यच नव्हतें. मुंबईची समीपता, लोहमार्ग व पवनेचें पाणी हीं कारणें नैसर्गिकच म्हणावीं लागतील. परंतु १९६२ सालीं औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर येथपासून चाकणपर्यंत भूसंपादन, रस्ते, पाणी यांची तजवीज राज्याच्या यंत्रणेनें केली. ती करितांना प्रमाणाचें कलम कोणी काढून दाखविलें असतें? अकोल्याच्या योजनेंत हा प्रश्न महाविदर्भाच्या विधिमंडळानें स्वतःच्या अधिकारानें विचारला असता. पुढें घटनेच्या ३७१ (२) कलमाखालीं १९९४ सालीं वैधानिक विकास मंडळें झालीं. परंतु विशेष जबाबदारी राज्यपालांची, आणि त्यांची नेमणूक दिल्लीची. ३० एप्रिल २०२० रोजीं मंडळांची मुदत सरली, तेव्हां ती वाढविणें प्रदेशाच्या हातीं नव्हतें.

येथें पंजाबकडे पाहणें उपयोगाचें आहे. १९५५ च्या राज्य पुनर्रचना आयोगानें विदर्भाचें निराळें राज्य सुचविलें व पंजाबी सुभा नाकारला. घडलें उलट, १ नोव्हेंबर १९६६ रोजीं पंजाबी भाषिकांस राज्य मिळालें, विदर्भास मिळालें नाहीं. मग राज्य मिळालेल्यांनींच ऑक्टोबर १९७३ मध्यें आनंदपूर साहिब येथें ठराव करून केंद्राकडे संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, दळणवळण, चलन एवढेंच ठेवावें, अशी मागणी केली. ही मागणी अकोल्याच्या जातीची, म्हणजे अधिकाराची आहे. लेख म्हणून मात्र ठराव सदोष आहे. संघराज्याचा विचार व पंथाचा अभिमान एकाच वाक्यरचनेंत गुंतविले आहेत. खालशाचा 'बोलबाला' हा शब्द मराठींतही असून कीर्तीहून अधिक अर्थ देत नाहीं. विरोधकांनीं त्यांत वेगळें राष्ट्र वाचलें. १९७८ सालीं लुधियानास निराळ्या शब्दांत ठराव झाल्यानें कोणता पाठ प्रमाण, हा वाद वाढला.

२४ जुलै १९८५ च्या राजीव गांधी-लोंगोवाल करारांत या ठरावाचा केंद्र-राज्य संबंधांचा भाग सरकारिया आयोगाकडे धाडला गेला, म्हणजे अधिकाराचा प्रश्न पुढें ढकलला. आणि चंदीगड २६ जानेवारी १९८६ रोजीं पंजाबास देण्याचें ठरलें. ठळक तारीख असलेलें हें वचन, तरी चंदीगड केंद्रशासितच राहिलें. दिसणारें वचन मोडत नाहीं, असें नागपूरच्या अधिवेशनावरून कोणी अनुमान काढील तर तें येथें बाधित होतें. कारण देणें सर्वस्वीं केंद्राच्या हातीं होतें.

अकोला व नागपूर या दोन्ही करारांचे संपूर्ण पाठ, कलमवार समोरासमोर व सह्यांसह, मंडळानें एका अंकांत छापावे. या वादांतील बहुतेकांनीं दुसराच पाहिला आहे, आणि तोही उताऱ्यांतून.