हेतू, कारण आणि ‘पायी’ : मराठी नाट्यसमीक्षेतील बहुकारण वाक्ये

नाटककार वसंत कानेटकर यांचे जन्मगाव सातारा जिल्ह्यातील रहिमतपूर. कवी गिरीश यांचे हे चिरंजीव नाशिकच्या हं. प्रा. ठा. महाविद्यालयात इंग्रजीचे प्राध्यापक होते, ही बाब त्यांच्या नाटकांचा विचार करताना दुर्लक्षिता येत नाही. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ (१९६२) या नाटकाच्या केंद्रस्थानी रणांगणावरील पराक्रम नसून शिवाजी महाराज आणि संभाजीराजे यांच्यातील दुरावा आहे. साहजिकच या नाटकाच्या समीक्षेला ‘असे का घडले?’ या प्रश्नाला सामोरे जावे लागते. या प्रश्नाचे उत्तर समीक्षा कोणत्या वाक्यरचनेत देते, हे तपासणे अगत्याचे आहे.

इंग्रजी समीक्षेच्या परिशीलनातून काही रचना मराठीत रूढ झाल्या. ‘पार्टली’चे ‘अंशतः’ झाले, ‘नॉट ओन्ली’चे ‘केवळ... नव्हे तर’ झाले आणि ‘ड्यू टू व्हेरियस फॅक्टर्स’चे ‘विविध घटकांमुळे’ झाले. मूळ इंग्रजीत या रचना निभावून जातात. कारण तेथे ‘बिकॉज ऑफ’, ‘आउट ऑफ’, ‘इन ऑर्डर टू’ यांची निवड लेखकाला प्रत्येक ठिकाणी करावीच लागते. मराठीत उतरताना मात्र ही निवड गळून पडते आणि सर्व काही ‘मुळे’ या एकाच शब्दयोगी अव्ययाच्या स्वाधीन होते.

डिसेंबर १६७८ मध्ये संभाजीराजे दिलेरखानाकडे गेले, ही इतिहासातील घटना उदाहरणादाखल घेता येईल. ‘ते गृहकलहामुळे, स्वाभिमानामुळे, संतापामुळे व हट्टामुळे गेले’ असे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असले, तरी त्यातून अर्थ फारसा हाती लागत नाही. ‘गृहकलहामुळे’ म्हटले की कारण बाहेरचे ठरते. ‘मानासाठी’ म्हटले की ती कृती हेतुपूर्वक ठरते. ‘संतापाच्या भरात’ म्हणताच हेतू मागे पडतो आणि मनाची अवस्था पुढे येते. ‘हट्टापायी’ या शब्दात तर कारणाबरोबर झालेली हानीही येते, आणि बोलणाऱ्याचा निवाडाही. चारही रूपांत जबाबदारीची वाटणी वेगवेगळी आहे. ‘विविध घटकांमुळे’ असे लिहिणारा समीक्षक संभाजीराजांना दोषमुक्तही करत नाही आणि दोषीही ठरवत नाही. तो प्रश्नच बाजूला सारतो. शोकात्म व्यक्तिरेखेच्या समीक्षेत ही पळवाट परवडणारी नाही.

अनेक कारणे एकत्र सांगण्याची मराठीची स्वतःची रीतही उपेक्षित राहिली आहे. ‘आधीच सावत्रपणाची सल, त्यात दरबारातील कारभाऱ्यांचा विरोध’ या रचनेत कारणांचा क्रम आहे आणि एकाने दुसऱ्याला बळ दिल्याची जाणीवही आहे. ‘अंशतः... अंशतः’ ही कारणे तराजूत शेजारीशेजारी ठेवते, ‘आधीच... त्यात’ ती एकावर एक रचते. नाटकाचा ताण दुसऱ्या पद्धतीनेच वाढत असतो.

‘मोटिव्हेशन’साठी सर्रास योजला जाणारा ‘प्रेरणा’ हा शब्दही असाच अडचणीचा. मराठीत त्याला उन्नत छटा आहे. फितुरीची ‘प्रेरणा’ हा प्रयोग कानाला खटकतो. (स्पर्धा परीक्षांच्या व्याख्यानांनी तर ही छटा अधिकच गडद केली आहे.) शेक्सपियरचा इयागो आपल्या दुष्टाव्याची एकामागून एक कारणे सांगतो, कोलरिजने त्यात हेतुशून्य दुष्टाव्याने चालविलेला हेतूंचा शोध पाहिला. येथे ‘प्रेरणा’ चालणार नाही, ‘हेतू’ हाच शब्द हवा. ‘निमित्त’ त्याहूनही नेमका.

इंग्रजीच्या वर्गात उलट दिशेची अडचण दिसते. ‘कारण... म्हणून’ या जोडीच्या सवयीने विद्यार्थी एकाच वाक्यात ‘बिकॉज’ आणि ‘सो’ दोन्ही लिहितो, आणि त्यावर लाल रेघ ओढली जाते. ‘हट्टापायी राज्य गेले’ या वाक्याचे भाषांतर मात्र क्वचितच दिले जाते. ‘आउट ऑफ’ने हट्ट हा उगम सांगता येतो, पण गमावल्याची हळहळ सुटते, ‘फॉर द सेक ऑफ’ने हट्टाला उगाच प्रतिष्ठा मिळते. हे एक वाक्य फळ्यावर लिहून दिल्यास दोन्ही भाषांचा तास होऊ शकतो.