सुरुवात लिहिताना शेवट विसरायचा कसा?

सिनेमावर पीएच.डी. करायचं ठरवलेल्यांच्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य हमखास सापडतं: ‘सुरुवातीच्या दृश्यांतून कथा, चित्रपटप्रकार आणि पात्रं यांची प्रेक्षकाला ओळख होते.’ माझ्याही सिनॉप्सिसमध्ये होतं. वाक्य चूक नाही. पण आरआरसीत समोरून कुणी विचारलं, ‘कोणत्या प्रेक्षकाला?’ तर आपली पंचाईत होते. तुम्ही पेटची तयारी करत असाल किंवा विषय शोधत असाल, तर हा प्रश्न आत्ताच अंगावर घ्या. नंतर घेतला की प्रकरण पुन्हा लिहावं लागतं.

‘शोले’पासून सुरू करू, कारण तो तुम्ही पाहिलेला आहेच. गाडी स्टेशनात येते, पाहुणा उतरतो, रामलाल त्याला घ्यायला आलेला असतो. दोघं घोड्यांवरून रामगढकडे निघतात आणि श्रेयनामावली सुरू होते. पुढे ठाकूर भेटतो, अंगावर शाल. आता विद्यार्थी काय लिहितो? ‘शालीतून ठाकूरच्या तुटलेल्या हातांची पूर्वसूचना मिळते.’ कुणाला मिळते? १९७५ साली पहिल्यांदा थिएटरात बसलेल्या माणसाला ती शाल म्हणजे एका वयस्कर, खानदानी माणसाचा रुबाब वाटली असणार. सूचना मिळाली असती, तर पुढे शाल गळून पडते तेव्हा धक्का बसलाच नसता. शाल तिथे लपवायचं काम करते. सूचना आपल्याला मिळते, कारण आपण शेवट पाहून परत आलेलो आहोत.

‘सैराट’चंही (२०१६) तसंच. क्रिकेटचा सामना, लाऊडस्पीकरवरची कॉमेंट्री, गावाची गर्दी, परश्याची बॅटिंग. दहा मिनिटांत आपल्याला वाटतं की हा गावाकडचा मजेदार प्रेमाचा सिनेमा आहे. मग बक्षीस समारंभात आर्चीचे वडील, तात्या, भाषणात विरोधकाला टोमणा मारतात. ज्याला घरातल्या बायका सांभाळता येत नाहीत तो कारभार काय सांभाळणार, असा त्याचा अर्थ. पहिल्यांदा पाहताना आपण तो ऐकून सोडून देतो. राजकारणी माणूस आहे, बोलणारच. शेवट पाहिल्यावर तेच भाषण अंगावर काटा आणतं. शोधनिबंधात मात्र सरसकट लिहिलं जातं की ‘सुरुवातीलाच हिंसेची चाहूल लागते’. मला तरी लागली नव्हती. तुम्हाला लागली होती का, ते प्रामाणिकपणे आठवून पहा.

यावर अभ्यासकांचे दोन रस्ते आहेत आणि आपल्याकडे ते एकाच परिच्छेदात घुसडले जातात. पहिला मेअर स्टर्नबर्ग आणि त्याच्याकडून घेऊन पुढे गेलेला डेव्हिड बॉर्डवेल यांचा. बॉर्डवेलचं ‘नॅरेशन इन द फिक्शन फिल्म’ हे पुस्तक १९८५चं. प्रेक्षक सिनेमा बघताना सतत अंदाज बांधतो, आणि पहिल्यांदा कळलेली गोष्ट पुढच्या सगळ्या गोष्टींना रंग देते, असं हे म्हणणं. इथे प्रेक्षक पुढचं न जाणणारा आहे. दुसरा रस्ता थिएरी कुंझेलचा. त्याने फ्रिट्झ लांगच्या ‘एम’ (१९३१) या सिनेमाची सुरुवात शॉट-शॉट सोडवून दाखवली: पोरांचा खेळ, जेवण मांडून वाट बघणारी आई, घरंगळत गेलेला चेंडू. अख्खा सिनेमा या काही मिनिटांत आवळून ठेवलेला आहे, असं तो मांडतो. पण ते दिसायला सिनेमा पुन्हा पुन्हा थांबवून पाहावा लागतो. म्हणजे कुंझेलचा वाचक शेवट जाणणारा आहे. दोन्ही बरोबर आहेत, प्रश्न वेगळे आहेत. तुमचा प्रश्न कोणता, ते सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर लिहा. गाईडला आवडो न आवडो.

‘कोर्ट’ (२०१४) बघताना हा फरक चांगला कळतो. वीरा साथीदार, आपले नागपूरचे कार्यकर्ते, त्यात नारायण कांबळे हा लोकशाहीर झालेत. सुरुवातीला ते घरी मुलांची शिकवणी घेतात, बसने जातात, मंचावर गातात, आणि पोलीस येतात. वाटतं, ही शाहिराची गोष्ट. पुढे सिनेमा शाहिराला जवळजवळ सोडून देतो आणि वकिलांच्या, न्यायाधीशांच्या घरी जाऊन बसतो. ज्या सफाई कामगाराच्या मृत्यूवरून खटला उभा राहतो, तो मृत्यू आपल्याला दाखवलेलाच नाही. नावात ‘कोर्ट’ असूनही कोर्टाच्या सिनेमाची नेहमीची सुरुवात, म्हणजे आधी गुन्हा, नाही. ‘सुरुवात पात्राची ओळख करून देते’ हे वाक्य इथे लंगडं पडतं. आपण ज्याच्या मागे निघालो तोच हातातून काढून घेतला जातो, आणि खटल्यात नेमकं हेच घडत असतं.

आता आपल्या भागाकडे येतो. सतीश मनवरांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ २००९चा. ‘गाभ्रीचा’ ही वऱ्हाडात चिडून, पण सहज तोंडातून निघणारी शिवी. अमरावती-अकोल्याच्या प्रेक्षकाला पोस्टरवरच कळतं की इथे दुःख आहे पण रडारड नाही, पावसाला शिवी घालणारा माणूस आहे. सिनेमाचा सूर नावातच लागतो. पुण्यातल्या प्रेक्षकाला त्यासाठी काही दृश्यं लागतील, आणि हा सिनेमा रॉटरडॅमच्या महोत्सवातही गेला, तिथल्या प्रेक्षकाला तर इंग्रजी नावच मिळालं. शिवी गेली, शाप राहिला.

सुरुवात होते शेजारच्या शेतकऱ्याच्या आत्महत्येने. कोणताही साचेबद्ध सिनेमा इथून कर्ज, सावकार, नापिकी यांच्याकडे वळला असता. हा वळतो अलकाकडे (सोनाली कुलकर्णी). तिला भीती बसते की आपला किसनाही (गिरीश कुलकर्णी) असंच काही करेल, आणि ती पोराला, सासूला त्याच्यावर नजर ठेवायला लावते. किसना बिचारा शेतीच्या विवंचनेत. घरचे आपल्यामागे का फिरतायत, हे त्याला कळेना. एका मरणातून सिनेमा भीतीच्या विनोदाकडे जातो.

मी हा सिनेमा अकोला जिल्ह्यातल्या माझ्या मामीसोबत लॅपटॉपवर पाहिला. तिने आधी पाहिला नव्हता. आत्महत्येचं कळल्यावर मी तिच्याकडे बघितलं, धक्का बसला असेल म्हणून. ती एवढंच म्हणाली, “आता ते बाई त्याले एकटं सोडत नाई पाय.” अलकाने अजून काही केलेलं नव्हतं. माझ्या टिपणात त्या जागी लिहिलेलं होतं: ‘सामाजिक वास्तववादी शोकांतिकेची प्रस्थापना.’ मामीला त्याच जागी बायकोच्या पाळतीची गोष्ट दिसली, आणि सिनेमाही तिकडेच गेला.

तिला हे कसं कळलं? ती पुढचं न जाणणारी होती, पण कोरी नव्हती. जुलै २००६मध्ये पंतप्रधान विदर्भात येऊन गेले, सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, त्यात अमरावती आणि अकोला होतेच. रोजच्या पेपरात आकडे यायचे. ‘पात्र’ या शब्दाला तर इथे सिनेमाबाहेरचा अर्थ आहे: कोणती आत्महत्या सरकारी मदतीला पात्र, कोणती अपात्र. एवढं सगळं घेऊन बसलेल्या बाईला पहिल्या मरणाची माहिती द्यावी लागत नाही. तिला लगेच पुढची काळजी दिसते. रॉटरडॅमच्या प्रेक्षकासाठी तेच दृश्य मूळ समस्येची माहिती आहे. एकच सुरुवात, पण एकाकडे सामाजिक प्रश्नाचा सिनेमा सुरू झाला, दुसरीकडे घरातला. बॉर्डवेलच्या मांडणीत प्रेक्षक पूर्वीचं ज्ञान वापरून अंदाज बांधतो हे आहेच. मला ते मान्य आहे. पण ते ज्ञान कोणत्या तालुक्यातलं, हे आपल्यालाच भरावं लागतं. माझ्या मते वऱ्हाडात बसून संशोधन करण्याचा खरा फायदा हाच आहे, आणि आपण तो ‘प्रेक्षक’ असा एकच शब्द वापरून घालवतो.

आता थोडं कामाचं. पहिल्यांदा पाहताना सिनेमा थांबवू नका, पण वही उघडी ठेवा. दर दोन-तीन मिनिटांनी वेळ टाका आणि फक्त एवढंच लिहा: आत्ता मला काय माहीत आहे, आणि पुढे काय होईल असं वाटतंय. अंदाज चुकला तरी खोडू नका, तोच तुमचा डेटा आहे. शॉटची लांबी, कॅमेरा, आवाज यांचा तक्ता दुसऱ्या वेळी, वेगळ्या पानावर. सिनेमा आधीच दहादा पाहिलेला असेल तर न पाहिलेलं माणूस शोधा. घरात असतंच.

आणि प्रत तपासा. मी एका सिनेमाच्या सुरुवातीवर चार पानं लिहिली होती. नंतर कळलं की माझी प्रत टीव्हीवरून उतरवलेली होती आणि चॅनलने नामावलीसकट पुढची काही मिनिटं कापलेली होती. मी ज्याला ‘थेट कृतीतून सुरुवात’ म्हणत होतो, ती कात्री होती. तेव्हापासून सेन्सॉरचं प्रमाणपत्र पडद्यावर दिसल्याशिवाय मी टिपण सुरू करत नाही. त्यावरची चित्रपटाची लांबी आधी लिहून घेतो आणि माझ्या फाइलशी जुळवतो. ओटीटीवर असाल तर नामावली वगळायचं बटण दाबू नका.

मामीच्या वाक्याचं काय करायचं, हे अजून ठरलेलं नाही. प्रबंधात ते तळटीपेत टाकावं असं एक मत आलं आहे. मी ते मजकुरात, माझ्या खोडलेल्या टिपणाच्या शेजारी ठेवलं आहे.