खेळातला रुग्ण आणि खारपाणपट्टा

मंडळी, 2019पासून आपल्याकडे एमबीबीएसला क्षमताधारित अभ्यासक्रम आला. नुसतं पाठांतर नको, करता आलं पाहिजे, हा त्याचा गाभा. वैद्यकीय वर्गांत हल्ली पत्ते, शब्दकोडी, सापशिडीही खेळवतात. त्याला नाक मुरडायचं कारण नाही. औषधांची, हाडांची नावं खेळता खेळता पक्की होतात. शिवाय खेळात चुकलं तर कुणाचा जीव जात नाही. माझा आक्षेप वेगळा आहे.

सापशिडीच घ्या. आपल्या जुन्या मोक्षपटात सद्गुणाची शिडी, दुर्गुणाचा साप. पण दान पडणार नशिबानं. निदानाला हे कसं चालेल? बरोबर उत्तर देणारा मागं राहतो आणि ज्याला सहा पडले तो जिंकतो. मग मुलगा शिकला काय?

पत्त्यांचा खेळ बरा, तिथं निर्णयाला किंमत असते. पण समजा पत्त्यावर लिहिलंय, 'मूतखडा : भरपूर पाणी प्या.' राजेहो, कोणतं पाणी? आपण भातकुलीत, खारपाणपट्ट्यात बसलो आहोत. इथं जमिनीतलं पाणीच खारं. पत्ता लिहिणाऱ्याच्या हे ध्यानात नसतं. खेळाचे नियम आधीच ठरलेले असतात. रुग्ण स्वतःची परिस्थिती सोबत घेऊन येतो.

सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थ्यांकडे खेड्यातली कुटुंबं सोपवतात. खेळ तिथून सुरू व्हावा. आधी त्या घरी जा, तिथलं पाणी चाखा, मग पत्ता लिहा. उद्या हीच मुलं आपली नाडी धरणार आहेत, बरं का.