छायाचित्र आणि स्मरणचित्र

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांनी महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांकडून स्मरणचित्रे काढून घेतली. समोर काही नाही. पाहिलेले आठवायचे आणि मांडायचे. आता घरोघरी फोनमध्ये कॅमेरा आला. मग आठवायचे कशाला, असे मुले विचारतात. प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही.

माझ्या वर्गातील एका मुलीने संगम माहुलीच्या घाटाची छायाचित्रे घेतली आणि आठवड्याने तोच घाट आठवणीने रेखाटला. छायाचित्रात पायरीन्‌पायरी आहे, देऊळ आहे, कृष्णा-वेण्णेचे पाणी आहे. नजर मात्र कुठेच ठरत नाही. चित्रात पायऱ्या निम्म्या उरल्या, शिखर वाकडे आले. पण धुणे पिळणारी बाई घाटाएवढी झाली. तिच्या पाठीचा बाक विसरता येत नाही. परीक्षक प्रमाणाचे गुण कापील. रसिक कापणार नाही. विशेष हे की, पुन्हा घाटावर गेल्यावर त्या मुलीने देऊळ सोडून तेवढी ओली पायरी आणि पिळलेले लुगडे टिपले. चित्राने तिला कॅमेरा शिकवला.

याचा दाखला साताऱ्याच्या मुलांना जिल्ह्यातच मिळतो. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांनी १९३८ साली उभारलेल्या श्रीभवानी संग्रहालयात हेन्री मूरचे ‘माता आणि बालक’ हे शिल्प आहे. त्यात नाकडोळे हुबेहूब नाहीत. आईपण पुरेपूर आहे.

म्हणून मुलांचा कॅमेरा काढून घेऊ नये. आठवड्याने एवढेच म्हणावे: काय उरले आहे, ते काढून दाखव.