पाठीवरचा ताळेबंद

समीक्षा ही मराठीच्या प्राध्यापकांची मिरास आहे, असा समज आपल्याकडं फार दिवस चालत आला आहे. आमच्यासारख्या बी.कॉम. झालेल्या बँकेतल्या कारकुनानं फार तर पासबुकाची समीक्षा करावी. पण प्राध्यापकमंडळींनी ओवीपासून नवकवितेपर्यंत सगळ्यांचा समाचार घेतला, तरी एक प्रकार त्यांच्या तावडीतून सुटला तो सुटलाच. तो म्हणजे पाठीवरची सॅक! तिला आशय असतो, आकृतिबंध असतो, आणि वाचकाला – चुकलो, वाहकाला – ती शेवटपर्यंत सोसावी लागते. समीक्षेला आणखी काय हवं?

शाळकरी पोरांच्या दप्तराबद्दल मी बोलत नाही. अमेरिकेत अ‍ॅपलाचियन ट्रेल नावाची एक पायवाट आहे. ती जॉर्जियातल्या स्प्रिंगर डोंगरावर सुरू होते आणि चौदा राज्यं ओलांडून मेन राज्यातल्या कटाडिन शिखरावर संपते. लांबी सुमारे ३,५०० किलोमीटर. ती एकाच मोसमात सबंध चालून जाण्याला तिकडं ‘थ्रू-हाइक’ म्हणतात, आणि त्याला साधारण पाच ते सात महिने लागतात. ही वाट न्यू जर्सीतूनही जाते. आता जिथं न्यू जर्सी तिथं मराठी मंडळ आणि जिथं मराठी मंडळ तिथं कुणाचा तरी भाचा असायचाच. माझा आहे. त्यानं नोकरीतून सहा महिन्यांची रजा काढली आणि मला सामानाची यादी पाठवली. प्रत्येक वस्तू आणि तिच्यापुढं ग्रॅम. “मामा, तू हिशेबातला माणूस. जरा तपासून दे.” वीस वर्षांच्या नोकरीत स्वखुशीनं तपासणीला आलेला हा पहिलाच हिशेब.

यादीत पहिली ओळ होती : सॅक, ६५ लिटर. इथंच माझी लाल शाई सांडली.

सॅकांच्या कॅटलॉगची भाषा लिटरची असते. मोठी सॅक म्हणजे मोठा प्रवास, असं त्यातली चित्रं सुचवतात. पण आम्हा बँकवाल्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवली की उचल वाढते. गिऱ्हाइकाची गरज तेवढीच असते, पण मर्यादा मोकळी दिसली की त्याला गरजा आठवायला लागतात. सॅकचंही तसंच. कोपरा रिकामा दिसला की माणूस त्यात दुसरी विजेरी कोंबतो. म्हणून आधी सामान ठरवावं, त्याचं वजन करावं, आणि सॅक सगळ्यात शेवटी घ्यावी.

या हिशेबाची रीत सोपी आहे. अन्न, पाणी आणि इंधन हा चल खर्च. तीन ते पाच दिवसांच्या चालीवर एखादं गाव गाठता येतं, तिथं भरून घ्यायचं. बाकी सगळा स्थिर खर्च. हा स्थिर खर्च साडेचार किलोंच्या आत ठेवणाऱ्यांचा ‘अल्ट्रालाइट’ नावाचा एक पंथच आहे. त्या पंथाचा एक मूळपुरुष रे जार्डिन, हा विमानविद्येतला इंजिनियर. पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलवर त्यानं १९९२ साली पुस्तक लिहिलं आणि आपल्या सॅका स्वतःच शिवल्या. त्याच्या अनुयायांत टूथब्रशचा दांडा कापून चार ग्रॅम वाचवणारेही निघाले.

या पंथाबद्दल आदर बाळगूनही समीक्षक म्हणून एक आक्षेप नोंदवतो. हलकेपणा हा गुण खरा, पण तो सॅकचा नव्हे, सामानाचा. आत सांगाडा नसलेली सॅक आठनऊ किलोंपर्यंत गुमान चालते. त्यावर गेलं की ती खांद्यांवर सूड उगवते. पॅसिफिक क्रेस्टच्या दक्षिणेकडच्या वाळवंटात पाच-सहा लिटर पाणी वाहावं लागतं, आणि एक लिटर म्हणजे एक किलो, तिथं घासाघीस नाही. पुढं सिएराच्या काही भागात अस्वलाला उघडता न येणारा डबा नेणं सक्तीचं. तेव्हा वाट कुठली, हे विचारल्याशिवाय सॅक सुचवणारा दुकानदार आणि तारण न बघता कर्ज देणारा मॅनेजर, दोघंही सारखेच.

दुसरा मुद्दा मापाचा. इथं माणसाची उंची बघत नाहीत, पाठीची लांबी बघतात. मान पुढं वाकवल्यावर मागं उठून दिसतो त्या मणक्यापासून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत. कारण भार खांद्यांनी नव्हे, कमरेनं घ्यायचा असतो. पट्टा खांद्यावर दिसतो आणि ओझं कमरेवर असतं, म्हणजे खांदे मॅनेजर आणि कंबर क्लार्क! ही व्यवस्था मला कुणी समजावून सांगावी लागली नाही.

आता वाङ्मयाकडं वळू. सॅकवरचं गाजलेलं विनोदी लेखन बिल ब्रायसनच्या १९९८ च्या ‘अ वॉक इन द वुड्स’मध्ये सापडतं. भल्या महाग सॅकला पावसाचं आवरण वेगळं घ्यावं लागतं, हे कळल्यावर त्याची जी अवस्था होते ती वाचून हसू आवरत नाही. त्याचा जोडीदार तर पहिल्याच दिवशी खाण्याचे जिन्नस फेकून देतो. शेरिल स्ट्रेडचं २०१२ चं ‘वाइल्ड’ वेगळ्या जातीचं. आई गेल्यावर १९९५ साली, सव्विसाव्या वर्षी, ती पॅसिफिक क्रेस्टवर एकटी निघाली. निघण्याच्या दिवशी तिला स्वतःची सॅक उचलता येत नव्हती. सॅकचं नावच तिनं ‘मॉन्स्टर’ ठेवलं. ब्रायसनची सॅक आपल्याला हसवते. स्ट्रेडची सॅक मात्र विचारते, हे सगळं भरलं कुणी? माणूस सॅकेत वस्तू भरत नाही, भीती भरतो. दुसरी विजेरी म्हणजे अंधाराची भीती, तिसरा सदरा म्हणजे लोक काय म्हणतील याची. आम्ही बुडीत कर्जासाठी तरतूद करतो तशीच ही तरतूद. फरक इतकाच, की आमची कागदावर राहते आणि यांची पाठीवर बसते. जॉर्जियात सुरुवातीपासून सुमारे ५० किलोमीटरवर नील गॅप इथं ही वाट चक्क एका दुकानाच्या छपराखालून जाते. तिथं कित्येक जण सॅक उपडी करून निम्म्या तरतुदी टपालानं घरी पाठवतात.

आणि या सगळ्या समीक्षेला पुरून उरलेली एक बाई आहे. एमा गेटवुड, अकरा मुलांची आई. आयुष्याची कित्येक वर्षं नवऱ्याचा मार खाल्ला आणि शेवटी घटस्फोट घेतला. १९५४ साली ती या वाटेवर निघाली, चुकली, चष्मा फुटला, वनरक्षकांनी घरी परत धाडली. १९५५ साली, वयाच्या ६७व्या वर्षी, पुन्हा निघाली आणि १४६ दिवसांत वाट पुरी केली. पायात कॅनव्हासचे बूट. तंबू नाही, न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा पडदा. आणि सॅक? जाड्या डेनिमची घरी शिवलेली पिशवी, एका खांद्यावर टाकलेली. ना सांगाडा, ना कमरेचा पट्टा. मी वर सांगितलेले सगळे नियम तिनं मोडले. तिची पिशवी हलकी होती याचं मला नवल वाटत नाही. घरातलं ओझं वाहून झालेल्या बाईला जंगलाची भीती भरायला जागाच उरली नसेल.

भाच्याच्या यादीवर मी ६५ खोडून ५० केले आणि शेरा मारला : “शेवटी घेणे.” चौदा ओळींवर लाल रेघ मारली. एका ओळीपाशी मात्र पेन थबकलं. ‘आईनं दिलेलं मेतकूट, २०० ग्रॅम.’ ताईच्या भीतीचं हे वजन तसं कमीच म्हणायचं. त्या ओळीपुढं मी लिहिलं : “अनुत्पादक, पण बुडीत नव्हे. मंजूर.”