गुरूमागची श्रद्धा : ‘स्मृतिचित्रे’ वाचताना

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’विषयी मराठीत आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातील निर्मळ विनोदावर, घरगुती भाषेवर आणि टिळकांच्या बेहिशेबी औदार्याच्या कथांवर वाचक लुब्ध आहेत, आणि ते योग्यच आहे. तथापि ह्या ग्रंथाने उभ्या केलेल्या एका प्रश्नाकडे द्यावे तितके लक्ष दिले गेलेले नाही, असे आम्हांस वाटते. ज्याचे बोट धरून मनुष्य श्रद्धेच्या वाटेवर आला, तो दूर गेला किंवा कायमचा अंतरला, म्हणजे त्या श्रद्धेचे काय होते, हा तो प्रश्न होय. बदलीचा हुकूम आला की बिऱ्हाड उचलणाऱ्या आपल्यासारख्यांनी तो केवळ ख्रिस्ती मंडळींचा मानू नये. गावचे देऊळ, ओळखीचा कीर्तनकार, मराठी उपासनेचे चर्च, वेळी कान धरणारा एखादा वडीलधारा, हे सर्व मागे ठेवूनच आपण परप्रांती आलो आहोत.

ख्रिस्ती परंपरेत हा प्रश्न प्रारंभापासूनचा आहे. बंदिवासातून फिलिप्पैकरांस पत्र लिहिताना पौल त्यांना बजावतो, की मी जवळ असताना जसे वागलात, त्याहून अधिक दक्षतेने आता माझ्या पाठीमागे वागा. तीमथ्याला पाठविलेल्या दुसऱ्या पत्रात तर तो त्याच्या विश्वासाचे मूळ स्वतःकडे घेतच नाही. त्याची आजी लोईस व आई युनीके ह्यांची आठवण करून देतो. शिष्य एकटा पडणार हे ज्या गुरूला कळते, तो त्याला आपल्याखेरीज दुसरे आधार दाखवून ठेवतो.

नारायण वामन टिळकांची स्वतःची कथा ह्या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. राजनांदगावाकडे जात असता आगगाडीत त्यांना एक युरोपियन सहप्रवासी भेटला. त्याने त्यांच्या हाती नवा करार ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. दोघांनी एकमेकांचे नावही विचारले नाही. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला. तो प्रवासी एका प्रवासापुरता गुरू होता. त्यानंतरचे काम गिरिप्रवचनाने केले आणि टिळकांच्या अंगी मुरलेल्या तुकोबांनी केले. गुरू गेला, पुस्तक उरले, आणि ते समजण्याची भूमी घरचीच होती.

लक्ष्मीबाईंचे तसे नव्हते. त्यांचा गुरू घरातला, म्हणजे प्रत्यक्ष पती. अशा वेळी पत्नीचे धर्मांतर हे पतीच्या धर्मांतराचे शेपूट ठरण्याचा संभव फार. पण ‘स्मृतिचित्रे’ सांगतात ते निराळेच. टिळक ख्रिस्ती झाल्यावर लक्ष्मीबाई मुलाला घेऊन नातलगांकडे राहिल्या. पुढे टिळकांच्या घरी परतल्या, तरी सोवळे-ओवळे त्यांनी सोडले नाही. धान्यसुद्धा धुऊन घेणाऱ्या बापाची ती मुलगी. जातिभेद देवाने केले की माणसाने, हा प्रश्न अखेर त्यांनी स्वतःलाच विचारला, आणि त्याचे उत्तरही स्वतःच दिले. त्यानंतर, १९०० साली, त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळकांनी ह्या पाच वर्षांत घाई केली नाही, हे त्यांच्या गुरुत्वाचे सर्वांत मोठे लक्षण आम्ही मानतो. जी श्रद्धा गुरूशी भांडून, त्याचे पाणी नाकारून, मग पूर्ण विचारान्ती स्वीकारलेली असते, ती त्याच्या मृत्यूने नाहीशी होत नाही. कारण ती त्याची उसनी घेतलेली नव्हती.

ह्याची कसोटी १९१९ साली लागली. त्याच्या आदल्याच वर्षी, ज्यांना त्यांनी पुत्रवत् मानले, ते बालकवी ठोमरे भादली स्थानकाजवळ आगगाडीखाली गेले होते. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले. येथे एक तुलना सुचते. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून टिळकांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना त्यात सारखीच जागा होती. कल्पना उदात्त, तिच्यामागचा प्राण मोठा. परंतु टिळकांमागे दरबार फार काळ टिकला नाही. लक्ष्मीबाई मात्र टिकल्या. दरबाराला स्वतःच्या पायांवर उभे राहण्यास दोन वर्षे मिळाली. लक्ष्मीबाईंना विरोध करण्याची, थांबण्याची आणि पारखून घेण्याची मुभा कितीतरी अधिक काळ मिळाली होती. आमच्या मते फरक ह्या मुदतीचा आहे.

गुरूमागे शिष्याने काय करावे, ह्याची दोन उत्तरे लक्ष्मीबाईंच्या लेखनात आहेत. पहिले उत्तर ‘ख्रिस्तायन’. टिळकांनी आरंभिलेले हे काव्य अपुरे राहिले होते; चौसष्ट अध्यायांची भर घालून लक्ष्मीबाईंनी ते सिद्धीस नेले. ग्रंथ प्रसिद्ध झाला तो १९३८ साली, त्यांच्या मृत्यूनंतर. ही गुरुसेवा मोठी खरी. पण येथे त्या टिळकांच्या वहीत, टिळकांनी आखलेल्या ओळींवर लिहीत आहेत. दुसरे उत्तर ‘स्मृतिचित्रे’. येथे वही त्यांची, हात त्यांचा. टिळकांवर त्या निःसंकोच हसतात, रागावतात, त्यांचा तऱ्हेवाईकपणा लपवीत नाहीत. आणि तरीही त्यांच्याविषयीचा आदर पानापानांतून जाणवत राहतो. गुरूची पूजा करणे सोपे असते. त्याला माणूस म्हणून पाहूनही त्याने दाखविलेली वाट न सोडणे, ही श्रद्धेची वयात आलेली अवस्था होय. म्हणूनच भक्तिकाव्य असलेल्या ‘ख्रिस्तायना’पेक्षा हे गद्य आम्हांस धार्मिक दृष्ट्या अधिक खोल वाटते.

एक उणीव सांगितली पाहिजे. श्रद्धा डळमळते तेव्हा आत काय घडते, प्रार्थना कोरडी पडते तेव्हा मनुष्य काय करतो, ह्याविषयी लक्ष्मीबाई फारसे बोलत नाहीत. आत्मपरीक्षणाची वही शोधणारा वाचक येथे निराश होईल. त्यांचा विश्वास दिसतो तो नकुशीसारख्या टाकलेल्या पोरीला पोटाशी धरण्यात, दारी आलेल्याला रिकाम्या डब्यातूनही काही काढून देण्यात. ते कदाचित उत्तरच असेल. सांगायला कोणी जवळ नसले, की करावयाचे काम तेवढे समोर राहते, आणि त्या कामात शिकवण पुन्हा ऐकू येते. परप्रांतात राहणाऱ्या वाचकाने हा ग्रंथ विनोदासाठी जरूर उघडावा. पण त्यातील टिळकांवाचूनची पाने घाईने उलटू नयेत.