भट्टीवरचं बालपण आणि कलादालन

बालपण हा मराठी लेखनाचा लाडका विषय. आत्मचरित्राचं पहिलं प्रकरण त्याचंच असतं. दृश्यकलेत तो उशिरा आला, आणि आला तेव्हा एका चौकटीत मावला नाही. लहानपणी अंगात मुरलेलं वागणं चालण्यात, आवाजात, समोरच्यापुढे मान खाली घालण्यात दिसतं. ते दाखवायला हालचाल लागते, ध्वनी लागतो. म्हणूनच गेल्या दीड-दोन दशकांत या विषयावरचं महाराष्ट्रातलं सकस काम बहुमाध्यमी कलाकारांकडून आलं आहे.

प्रभाकर पाचपुते १९८६ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्ती या कोळसा खाणीच्या गावात जन्मले. घरच्या पिढ्या खाणीत राबलेल्या. ते कोळशानेच थेट भिंतीवर चित्रं काढतात, त्यांचं ॲनिमेशन करतात, शिल्पं उभी करतात. त्यांच्या चित्रांत माणसाचं अंग आणि अवजार एकमेकांत मिसळलेलं असतं. अशा माणसाला चेहरा नसला तरी त्याच्या पाठीच्या बाकावरून तो खाणकामगार आहे हे कळतं. लहानपणी रोज पाहिलेली ही ठेवण कलाकाराच्या हातात मुरली आहे. हे काम २०२२ साली व्हेनिस बिएनाले या कलाप्रदर्शनापर्यंत पोचलं.

त्याच वर्षी जर्मनीतल्या कासेलच्या डॉक्युमेंटा या कलाप्रदर्शनात अमोल पाटील यांचं काम होतं. त्यांचे आजोबा पोवाडे गाणारे, वडील नाटकं लिहिणारे. चाळीतली दाटी, कष्टकऱ्यांचे हातपाय, त्यांचे आवाज हे पाटील यांचं भांडवल. ठाण्यात वाढलेल्या प्राजक्ता पोतनीस मध्यमवर्गीय घराकडे वळतात. पोपडे सुटलेली भिंत आणि फ्रिजचा थंड कप्पा यांतून त्या घरात न बोलली जाणारी अस्वस्थता बाहेर काढतात.

बालपणाकडे वळण्याच्या या वाटेवरचा मोठा धोका स्मरणरंजनाचा आहे. जुनी पाटी, कंदील, पत्र्याची पेटी मांडून वर आजीचा आवाज लावला की प्रेक्षकाचे डोळे पाणावतात, पण त्या घराने माणसाला कसं घडवलं हा प्रश्न तसाच राहतो. अमेरिकन कलाकार माइक केली यांनी १९९५ साली आपण शिकलेल्या सगळ्या शाळांची आणि राहत्या घराची एकत्र प्रतिकृती केली. जे भाग आठवत नव्हते ते त्यांनी रिकामे सोडले. विसरण्यालाही जागा देणारा हा प्रामाणिकपणा आपल्याकडे अजून कमी दिसतो.

उणीव आणखी एक आहे, आणि ती रायगडमधल्या कर्जत-खालापुरात राहून जास्त टोचते. या दोन तालुक्यांत कला दिसत नाही असं नाही. इथल्या एन. डी. स्टुडिओत ‘जोधा अकबर’ चित्रपटासाठी अख्खे महाल उभे राहिले. पण पावसाळा सरला की कातकरी कुटुंबं उचल घेऊन वीटभट्टीवर जातात, तिथे मुलं ओल्या विटा उन्हात पलटत मोठी होतात. शेठसमोर बापाचा आवाज उतरलेला ती रोज ऐकतात. पुढे तहसील कचेरीच्या दारात त्यांचाही आवाज तसाच उतरतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडी या ठाकरवाडीवर दरड कोसळली, तेव्हा वाडीतली काही मुलं आश्रमशाळेत होती म्हणून वाचली. त्यांच्या पुढच्या आयुष्यात पावसाच्या आवाजाचा अर्थ काय असेल? हे बालपण कलादालनात अपवादानेच येतं, आणि येतं तेव्हा बाहेरच्या माणसाच्या कॅमेऱ्यातून, बहुधा दयेचा विषय म्हणून.

पाचपुते आणि पाटील यांच्या कामाचं बळ त्यांच्या आतून येण्यात आहे. खाणीतलं आणि चाळीतलं मूल स्वतः कलाकार झालं, म्हणून ते काम उभं राहिलं. ठाकरवाडीतल्या, भट्टीवरच्या मुलाला ती संधी मिळायची तर कलाशिक्षण त्याच्यापर्यंत जायला हवं. आश्रमशाळेत कायमचा कलाशिक्षक हवा, मुलांच्या हाती माती-कोळशाबरोबर ध्वनिमुद्रक आणि कॅमेरा हवा. कर्जतच्या फार्महाऊसवर शिबिरं भरवणाऱ्या कलासंस्थांनी एक शिबिर जवळच्या आश्रमशाळेत घ्यावं, आणि मुलं काय करतात ते पाहायला गावाला बोलवावं. सुरुवातीला एवढं पुरेसं आहे.